दहशतवाद वगळता

३१ ऑगस्ट २०१५ हा विसाव्या विधी आयोगाच्या मुदतीचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी आयोगाचे अध्यक्ष न्या. अजित प्रकाश शहा यांनी फाशीच्या शिक्षेवरचा २६२वा अहवाल सरकारच्या हाती ठेवला. शिफारस अशी होती की दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं एवढे वगळता बाकी सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईच्या मोक्का न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. सरकारने आयोगाचं म्हणणं दुसऱ्याच दिवशी मान्य केलं असतं, तरी या पाच जणांना त्याचा काही उपयोग नव्हता. ते अपवादात मोडत होते.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं.

फाशीविरोधी विचाराचा भारतातला सर्वात भक्कम सरकारी दस्तऐवज एका महाराष्ट्रीय न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, याचा मला अभिमान वाटतो. पण त्या दस्तऐवजाने जी एक फट ठेवली, ती आमच्या पश्चिम रेल्वेच्या रुळांवर उघडी पडली. शहा यांच्याविषयी लिहायचं तर दोन्ही गोष्टी लिहायला हव्यात.

शहा सोलापूरचे. जन्म १३ फेब्रुवारी १९४८ चा. सोलापूरकरांना फाशी हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढवलं गेलं. आरोप पोलिसांच्या हत्येचा होता आणि शहराने नुकताच मार्शल लॉ सोसला होता. गावाने त्यांना गुन्हेगार मानलं नाही. चार हुतात्मे म्हणूनच त्यांची नावं आजही घेतली जातात. कोर्टाचा निकाल आणि न्याय या नेहमीच एक गोष्ट नसतात, हे त्या गावाला कोणी वेगळं समजावून द्यावं लागलं नाही.

सोलापुरातलं शिक्षण आटोपून शहा मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात आले. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. फाशीसंदर्भात बाबासाहेबांची भूमिका बहुतेकांना ठाऊक नसते. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीच्या प्रत्येक शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क असावा का, यावर चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी सांगितलं की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करावी, असं मला वाटतं. हा देश अहिंसेचं तत्त्व मानतो, प्रत्यक्षात ते पाळलं जात नसलं तरी आदर्श म्हणून मानतो, तेव्हा फाशी काढून टाकणं हेच या देशाला शोभणारं आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. संविधान सभेने तसं केलं नाही. प्रश्न मागे राहिला, आणि त्याचं ओझं पुढच्या पिढ्यांतल्या न्यायाधीशांवर पडलं.

सोलापुरात थोडा काळ वकिली करून शहा मुंबई उच्च न्यायालयात आले. १८ डिसेंबर १९९२ रोजी त्यांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली; बाबरी मशीद पाडली गेल्याला तेव्हा बारा दिवस झाले होते आणि मुंबई दंगलीत होरपळून निघाली होती. २००५ मध्ये ते मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, २००८ मध्ये दिल्लीचे. २ जुलै २००९ रोजी न्या. एस. मुरलीधर यांच्यासोबत त्यांनी नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. देशाला शहा हे नाव माहीत झालं ते या निकालाने. फेब्रुवारी २०१० मध्ये ते निवृत्त झाले. सर्वोच्च न्यायालयात त्यांना नेमलं गेलं नाही, आणि त्याबद्दलची हळहळ वकिलांच्या वर्तुळात अजून ऐकू येते.

फाशीच्या प्रश्नावर ते उघडपणे उभे राहिले ते निवृत्तीनंतर, २०१२ मध्ये. त्या वर्षी चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांना पत्र लिहून विनंती केली की फाशीच्या रांगेत असलेल्या तेरा कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलावी. शहा त्यांत होते, न्या. पी. बी. सावंत होते, न्या. होसबेट सुरेश होते. या पत्रात दयेची याचना नव्हती. हिशेबातली चूक दाखवून दिलेली होती. ती चूक नीट समजून घेण्यासारखी आहे.

१९८० मध्ये बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनात्मक ठरवली, पण तिला बांध घातला. ती फक्त 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणात द्यायची, आणि देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही तपासायचा: त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. वेगळं मत नोंदवणारे एकटे न्या. पी. एन. भगवती होते. पुढे १९९५ मध्ये रावजी नावाच्या एका आरोपीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाने म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्हा किती भयंकर हे पाहायचं, गुन्हेगार कोण हे नाही. म्हणजे लहान पीठाने मोठ्या पीठाच्या अगदी उलट सांगितलं. नंतरच्या कित्येक खटल्यांत याच निकालाचा आधार घेऊन फाशी सुनावली गेली. २००९ मध्ये संतोष बारियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कबूल केलं की रावजी निकाल चुकीचा होता आणि त्यावर उभ्या राहिलेल्या शिक्षाही चुकीच्या पायावर होत्या. तोवर स्वतः रावजी आणि आणखी एक कैदी, सुरजा राम, फासावर गेलेले होते. एक १९९६ मध्ये, दुसरा १९९७ मध्ये.

न्यायालय आपली चूक लिहून मान्य करतं आणि त्या चुकीने गेलेली दोन माणसं मात्र परत येत नाहीत. फाशीच्या बाजूने आजवर जे वाचलं, त्यात याला उत्तर मला सापडलेलं नाही.

बारियार खटला महाराष्ट्रातला होता. २०१३ चा शंकर खाडे खटलाही महाराष्ट्रातला. या दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने विधी आयोगाला फाशीचा नव्याने अभ्यास करायला सुचवलं, आणि त्यातून २६२वा अहवाल आला. याआधी १९६७ मध्ये ३५व्या अहवालात आयोगाने फाशी राहू द्यावी असं म्हटलं होतं. जवळपास अर्धशतकाने शहा यांच्या आयोगाने ते मत फिरवलं. सर्वांनी नाही: न्या. उषा मेहरा आणि सरकारचे दोन पदसिद्ध सदस्य यांनी विरोधी टिपणं जोडली.

अहवालात धाकाच्या युक्तिवादाचं उत्तर आहे (जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक, याला पुरावा नाही), गरिबीचा विचार आहे, दयेच्या अर्जांवर वर्षानुवर्षं न घेतलेल्या निर्णयांचा आहे. माझ्या मनावर कोरला गेला तो एक आकडा. १ जानेवारी २००० ते ३० जून २०१५ या काळात सर्वोच्च न्यायालयाने ६० जणांना फाशीची शिक्षा दिली, आणि त्यांपैकी १५ जणांच्या बाबतीत आपण चुकलो हे नंतर स्वतःच मान्य केलं. चारांत एक. तेही तालुक्याच्या कोर्टात नव्हे, देशाच्या सर्वोच्च पायरीवर, जिथून पुढे जायला जागा नसते.

मग अपवाद का? इथे अहवालाचा प्रामाणिकपणा आणि त्याचा कमकुवतपणा एकाच जागी दिसतो. आयोगाने स्पष्ट लिहिलं की शिक्षाशास्त्राच्या दृष्टीने दहशतवादाला वेगळी वागणूक देण्याचं काही कारण नाही. मात्र राष्ट्रीय सुरक्षेची चिंता लोकप्रतिनिधींनी व्यक्त केलेली आहे, तेव्हा त्या एका प्रश्नासाठी बाकीच्या गुन्ह्यांतली फाशी रद्द करणं अडवून धरू नये, पहिलं पाऊल टाकावं. फाशी पूर्ण रद्द होण्याकडचा प्रवास लवकर व्हावा, अशी आशाही व्यक्त केली. तो काळही आठवायला हवा. अहवालाच्या एक महिना आधी, ३० जुलैला, दहशतवादाच्या खटल्यात दोषी ठरलेल्या याकुब मेमनला नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली होती. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालय पहाटे तीनला बसलं होतं. त्या हवेत दहशतवाद्यालाही फाशी नको असं म्हटलं असतं, तर अहवाल कोणी उघडूनही पाहिला नसता, हा शहा यांचा अंदाज असेल तर तो समजण्यासारखा आहे.

समजण्यासारखा, पण बरोबर नव्हे. कारण चूक होण्याचा धोका सर्वात जास्त असतो तो नेमका दहशतवादाच्या खटल्यांतच. याचा पुरावा आयोगासमोर होता: १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अक्षरधाम मंदिर हल्ल्याच्या खटल्यात सहाही आरोपींना निर्दोष सोडलं होतं, आणि त्यांतल्या तिघांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावलेली होती.

आता ११ जुलै २००६ कडे येतो. मंगळवार होता. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर चर्चगेटहून सुटलेल्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले: माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळं अकरा मिनिटांत. १८९ माणसं गेली, आठशेहून जास्त जखमी झाली. पश्चिम उपनगरात असं घर सापडणं कठीण, ज्याच्या ओळखीतलं कोणी त्या संध्याकाळी त्या मार्गावर नव्हतं. तपास करणाऱ्यांवर किती दडपण असेल याची कल्पना कोणालाही येईल. आरोपी हवेत, लवकर हवेत, ही मागणी आम्हीच करत होतो.

खटला मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली चालला. साध्या कायद्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मारहाणीने कबुली काढली जाऊ नये म्हणून ब्रिटिशांच्या काळापासून हा नियम आहे. १९९९ च्या मोक्का कायद्याने तो बाजूला सारला. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली कोर्टात चालते. या खटल्याचा मोठा भार अशा कबुल्यांवर होता. उच्च न्यायालयात न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतले काही भाग सारखेच निघाले. कबुल्या छळ करून घेतल्या असाव्यात, ही शक्यता न्यायालयाला नाकारता आली नाही. आरोपींना गाडीतून नेलं असं सांगणारे टॅक्सीचालक शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले होते. रोज नवी भाडी नेणाऱ्या माणसाला एका प्रवाशाचा चेहरा इतक्या दिवसांनी का आठवावा, याचं पटेल असं कारण त्यांच्याकडे नव्हतं. ओळखपरेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. आणि बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

आरोपींच्या बाजूने लढलेल्यांत मुंबईचे ॲड. युग मोहित चौधरी होते. हे मूळचे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. आयरिश कवी येट्स यांच्यावरचं त्यांचं पुस्तक २००१ मध्ये आलं. मग ते कायद्याकडे वळले आणि फाशीच्या कैद्यांची प्रकरणं चालवत राहिले. आणखी एक नाव पाहून मी थबकलो: ज्येष्ठ वकील एस. मुरलीधर. नाझच्या निकालात शहा यांच्या शेजारी बसलेले तेच न्यायाधीश, आता वकिलाच्या काळ्या कोटात, जन्मठेप झालेल्यांसाठी उभे होते.

फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एक जण हा निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने तो गेला. न्यायालयाने त्यालाही निर्दोष ठरवलं. बाकीच्यांची एकोणीस वर्षं तुरुंगात गेली होती. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं असून २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जावं लागणार नाही, हेही स्पष्ट केलं. अंतिम शब्द अजून यायचा आहे. जन्मठेप असती तरी या माणसांची वर्षं गेलीच असती, ते दुःख आहेच. पण फाशीची अंमलबजावणी झाली असती, तर हे अपील चालवायला कोणी उरलं नसतं.

हे फक्त दहशतवादाचं आहे असं कोणी म्हणेल, म्हणून पूर्व उपनगरातला एक खटला सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर पहाटे उतरलेली, गोरेगावात नोकरी करणारी एक तरुणी बेपत्ता झाली. दहा-अकरा दिवसांनी कांजुरमार्गजवळ झुडपांत तिचा मृतदेह सापडला. शहर पेटून उठलं. एकाला अटक झाली, २०१५ मध्ये फाशी सुनावली गेली, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. दोन पायऱ्या ओलांडून झाल्या होत्या. २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिलं. स्थानकावरच्या सीसीटीव्ही चित्रणाला, पुरावा म्हणून दाखल करताना कायद्याने लागणारं ६५-ब चं प्रमाणपत्रच जोडलेलं नव्हतं, आणि पुराव्यांच्या साखळीत मोठाली भगदाडं होती. एक कागद जोडायचा राहिला होता आणि माणूस नऊ वर्षं फाशीच्या छायेत होता.

या दोन्ही खटल्यांत मेलेल्यांचं काय, हा प्रश्न मला टाळायचा नाही. कांजुरमार्गच्या त्या मुलीचे आईवडील, बोरिवलीच्या गाडीतून घरी न पोहोचलेल्यांची कुटुंबं, यांच्या हातात आज काही नाही. चुकीचा माणूस पकडला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि वर्षं गेल्यावर त्याला शोधायची उमेदही कोणात राहत नाही. फाशीची घाई त्या कुटुंबांना न्याय देत नाही, उलट तपास चांगला झाला की नाही हे विचारायची आपली सवयच मारून टाकते. सप्टेंबर २०२१ मध्ये साकीनाक्याला एका महिलेवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने नऊ महिन्यांत, २ जून २०२२ रोजी, आरोपीला फाशी सुनावली. तेव्हा अंधेरीपासून मालाडपर्यंत समाधानाचा सूर होता. तो राग मीही समजू शकतो. पण सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, हा नियम उगाच नाही. वरचे दोन्ही खटले दाखवतात की या पायऱ्यांवर खरंच बारकाईने वाचणारी माणसं बसलेली असावी लागतात.

सरकारने २६२वा अहवाल स्वीकारला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशीचे गुन्हे घटण्याऐवजी वाढले. झुंडबळी, मृत्यूस कारण ठरलेली संघटित गुन्हेगारी आणि मृत्यूस कारण ठरलेलं दहशतवादी कृत्य यांना तिथे फाशी आहे. महाराष्ट्रातले फाशीचे दोन्ही तख्त, येरवडा आणि नागपूर, अजून जागेवर आहेत. अशा वेळी शहा यांच्या आयोगाने जिथे हात आखडता घेतला, तिथून पुढचं मागणं आपण मागायला हवं: अपवादाशिवाय फाशी रद्द. मुंबईच्या उपनगरांना हे मागण्याचा हक्क इतरांपेक्षा जास्त आहे, कारण बॉम्ब आमच्या गाड्यांत फुटले होते. पुढच्या वेळी कोणी सोसायटीच्या दारात 'आरोपीला फाशी द्या' या निवेदनावर सही मागायला आलं, तर सही करण्याआधी २६२व्या अहवालाचं निदान शेवटचं प्रकरण वाचा. विधी आयोगाने तो सर्वांसाठी खुला ठेवला आहे.